शेक घेऊन नऊ वर्षं झाली, आता लघवीत रक्त कसं?

प्रश्न : सासूबाईंना (वय ६८) ९ वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) दिले होते. महिनाभर लघवी लाल होतेय. उन्हाळी लागली समजून धणे-जिऱ्याचं पाणी, कोकम सरबत दिलं. मग रक्ताच्या गाठींनी लघवी तुंबली, नळी घालावी लागली. दुर्बिणीतून जाळूनही रक्त थांबलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, मांडीतून तार घालून रक्तवाहिनी बंद करू. मूत्राशयाचं रक्त मांडीतून कसं थांबणार?
– एक सून, धोपावे

उत्तर : कोकम सरबत मलाही आवडतं. पण ओटीपोटावर शेक घेतलेल्या माणसाची लघवी लाल झाली, की ती उन्हाळी म्हणून सोडून द्यायची नाही. मग शेकाला वीस वर्षं का होईनात. शेकाने मूत्राशयाच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आतून बुजतात. अस्तराला रक्त पुरेनासं होतं, तिथे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि त्याच गळतात. एक जागा जाळली, की शेजारची सुरू.

तुमच्याकडे सुपारीची वाडी असेलच. पाट फुटला तर आपण प्रत्येक आळ्याशी चिखल थापत बसत नाही, वर जाऊन पाट बांधतो. हे तेच. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून बारीक नळी सरकवत, एक्स-रेच्या पडद्यावर बघत मूत्राशयाला रक्त नेणाऱ्या फांदीपर्यंत जातात आणि तिथे वाळूसारखे कण सोडतात. बहुधा दोन्ही बाजूंना. पोट फाडायचं नाही, सहसा पूर्ण भूलही लागत नाही. म्हणून वयस्कर बाईला हे झेपतं.

नंतर काही दिवस कुल्ला दुखतो, थोडा ताप येतो. कण भलत्या फांदीत गेले तर कातडीला किंवा मूत्राशयालाच इजा होते. क्वचित, पण होते. म्हणून हे काम रोज करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टच हवा. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या, कारण वाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय किडनीतून जातो. दुर्बिणीत कॅन्सरची नवी गाठ नव्हती ना, हेही स्पष्ट विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, मनाने बंद करू नका.

याने रक्त थांबतं, अस्तर बरं होत नाही. पुन्हा गळू शकतं. अस्तरासाठी दाबाखालचा ऑक्सिजन असतो, पण रोज दीड तास, ३०-४० वेळा. म्हणजे शहरात बिऱ्हाडच करावं लागेल.

आणि लघवी पुन्हा तुंबली, तर दापोलीला जायला सकाळच्या फेरीबोटीची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढून चिपळूण गाठा.