मिस्ट्री शॉपिंगचं काम घेतलं आणि खातं होल्डवर गेलं

ताई, तुमचं पत्र वाचलं. टेलिग्रामवर मिस्ट्री शॉपिंगचं, म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानाची सर्व्हिस गुपचूप तपासायचं काम मिळालं, पहिल्या रिपोर्टचे ५०० रुपये लगेच आले, मग त्या 'मॅनेजर'ने तुमच्याच खात्यात ४०,००० टाकून गिफ्ट कार्डं घ्यायला लावली, कोड खरवडून फोटो मागवले, ४,००० तुम्हाला ठेवायला सांगितले. आता खातं होल्डवर आहे आणि तो म्हणतोय, ते ४,००० परत कर नाहीतर केस टाकतो.

आधी हे ऐका, त्याला एक रुपयासुद्धा पाठवू नका. ते ४०,००० बहुतेक दुसऱ्याच कुणाला तरी फसवून तुमच्या खात्यात वळवलेले असणार, त्या माणसाने तक्रार केली आणि पैशाचा माग काढत पोलीस तुमच्यापर्यंत आले. तुम्हाला माहीत नव्हतं हा तुमचा बचाव आहे आणि तो खरा आहे, कारण फसवणुकीच्या गुन्ह्यात हेतू बघतात. पण आता संशय आलाय ना, मग इथून पुढे काळजी घ्या, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे फसवणुकीतून आलेला पैसा आहे हे कळून किंवा तसं वाटायला कारण असूनही बेइमानीने ठेवून घेतला तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून ते ४,००० खर्च करू नका, तक्रारीत स्वतःहून लिहा.

आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका. गिफ्ट कार्ड कंपनीलाही कळवा, एखादा कोड अजून वापरला गेला नसेल तर ब्लॉक होऊ शकतो. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी ब्लॉक करायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट काढा, ती खरवडलेली कार्डं आणि दुकानाची बिलंसुद्धा जपून ठेवा. बँकेकडून लेखी मागा की होल्ड कुठल्या पोलीस स्टेशनने लावलाय, तक्रार नंबर काय आणि रक्कम किती. सगळं खातं अडकलं असेल तर फक्त वादातल्या रकमेवर होल्ड ठेवा असा अर्ज तिथल्या तपास अधिकाऱ्याला करा, नाही ऐकलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

तुम्ही विचारलंय की हे काम मुळातच खोटं असतं का. नाही हो, खऱ्या कंपन्या आहेत, एमएसपीए ही त्यांची संघटना आहे आणि तिच्या साईटवर मेंबरांची नावं सापडतात. फक्त भामटे खऱ्या कंपनीचंच नाव लावतात, म्हणून आलेल्या लिंकवरून जाऊ नका, साईट स्वतः शोधून तिथून नोंदणी करा. आणि 'स्वतःचे पैसे कधीच लागत नाहीत' असं जे सांगतात तेही बरोबर नाही. खऱ्या कामातही आधी आपणच छोटी खरेदी करतो, पण ते पैसे दुकानाला जातात, मर्यादा आधीच लिहून दिलेली असते, आणि बिल व रिपोर्ट दिल्यावर परतावा मिळतो, तोही बऱ्याचदा काही आठवड्यांनी. रिपोर्टमध्ये लाईनीत किती वेळ गेला, स्टाफ कसा बोलला, बिल दिलं का, हे विचारतात. गिफ्ट कार्डाचा कोड कळून दुकानाची सर्व्हिस कशी तपासणार? कोड म्हणजे रोख पैसाच. जॉइनिंग फी मागितली किंवा तुमच्या खात्यातून पैसे फिरवायला सांगितले की तिथेच थांबायचं.

राहिली त्याच्या केसची धमकी. काम घेतलं म्हणजे करार झाला असं तो म्हणेल, पण फसवून घेतलेला करार भारतीय करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तुम्ही रद्द करू शकता, त्यामुळे कोर्टाचा शिक्का मारलेली पीडीएफ टेलिग्रामवर आली तर घाबरून पैसे भरू नका, तीही पुराव्यात जोडा. पोलिसांची खरी नोटीस आली तर मात्र टाळू नका, ती साक्षीदार म्हणून आहे की संशयित म्हणून हे वकिलाकडून वाचून घ्या आणि दिलेल्या तारखेला हजर राहा.