पाच-शून्यवाला कोच : गुस हिडिंकबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशी कोचेसबद्दल लिहिताना मी गुस हिडिंक या डच फुटबॉल कोचचं नाव एका ओळीत घेतलं आणि पुढे गेलो, त्यावरून एवढी पत्रं आणि मेल आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

कोल्हापूरहून एक वाचक : आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, पण हिडिंक कोण ते पोरांना माहीत नाही. खेळाडू म्हणून तो मोठा होता का? आणि त्याच्या टीमनं शेवटच्या पाच मॅचपैकी एकही न जिंकता युरोपियन कप नेला असं ऐकलं, ते खरं का?

खरं आहे दादा, अगदी खरं. १९८८ ची गोष्ट. टीम नेदरलँड्समधल्या आइंडहोवनची पीएसव्ही, कोच हिडिंक, आणि युरोपियन कप म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. क्वार्टर फायनलला बोर्दोशी तिकडे १-१ आणि घरी ०-०, सेमीला रियाल माद्रिदशी पण तेच, तिकडे १-१ घरी ०-०, बाहेरच्या मैदानावर मारलेला गोल जास्त धरायचे तेव्हा, त्याच्यावर पुढे गेले. मग २५ मे ला श्टुटगार्टमध्ये बेनफिकाशी फायनल, परत ०-०, आणि पेनल्टीवर ६-५. पीएसव्हीच्या सहाही जणांनी गोल केले, बेनफिकाच्या वेलोजोची सहावी किक गोलकीपर व्हान ब्रॉयकेलननं अडवली आणि संपलं. आता कुणी म्हणेल की हे नशीब, पण मला ते पटत नाही, कारण त्याच सीझनला त्यांनी लीग पण जिंकली आणि देशातला कप पण, म्हणजे एका वर्षात तिन्ही, आणि तेही रूड गुलिटसारखा हिरा आदल्या उन्हाळ्यात मिलानला विकल्यानंतर.

खेळाडू म्हणून हिडिंक फार मोठा नव्हता. जन्म ८ नोव्हेंबर १९४६, नेदरलँड्सच्या पूर्वेला जर्मनीच्या बॉर्डरजवळ वार्सेफेल्ड नावाचं गाव आहे तिथला. मिडफिल्डर होता, सगळ्यात जास्त वर्षं शेजारच्याच डूटिंकेमच्या डे ग्राफस्काप क्लबकडून खेळला, मध्ये अमेरिकेच्या लीगमध्येही खेळून आला, पण देशाची जर्सी एकदाही मिळाली नाही. १९८७ च्या मार्चमध्ये पीएसव्हीचा असिस्टंट होता तो हेड कोच झाला आणि लगेच लीग जिंकली, ती लागोपाठ तीन सीझन.

नाशिकहून एक वाचक : २००२ च्या वर्ल्ड कपला दक्षिण कोरिया सेमीफायनलला गेला तेव्हा मी शाळेत होतो. हिडिंकनं नक्की काय केलं? फक्त पळायला लावलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला, म्हणून जरा निवांत सांगतो.

आधी परिस्थिती लक्षात घ्या. कोरिया तोवर पाच वर्ल्ड कप खेळला होता, १९५४, ८६, ९०, ९४, ९८, एकूण चौदा मॅच, आणि त्यात एकही जिंकलेला नव्हता. ९८ ला मार्सेलमध्ये त्यांना ५-० नं कुणी झोडपलं माहितीये? नेदरलँड्सनं, आणि त्या टीमचा कोच हिडिंकच. त्या हारीनंतर कोरियाच्या कोचला स्पर्धा चालू असतानाच काढलं होतं. म्हणजे ज्यानं आपल्याला मारलं त्यालाच त्यांनी अडीच वर्षांनी बोलावलं, आणि तो जानेवारी २००१ पासून कामाला लागला.

तिथे सगळ्यांचं मत असं की आपली पोरं दमदार आहेत, पळतात भरपूर, पण स्किल कमी. हिडिंकनं बघितलं आणि उलटंच सांगितलं, दोन्ही पायांनी खेळतात, स्किल चांगलं आहे, कमी पडतो तो दमच. कारण मोठ्या टीमशी नव्वद मिनिटं त्याच स्पीडनं खेळायचं म्हणजे नुसतं पळणं नाही, जोरात पळून पुन्हा श्वास किती लवकर जागेवर येतो ते महत्त्वाचं. मग शटल रन सुरू झाले, बीप वाजला की पलीकडच्या रेषेला, बीप वाजला की परत, आणि प्रत्येक बीपमधलं अंतर कमी कमी होत जाणार. महिनोन् महिने हे चाललं. तिथल्या लीगमधल्या क्लबांनी खेळाडू कॅम्पसाठी लांबच लांब सोडले, ही फार मोठी गोष्ट होती.

पण माझ्या मते खरी मेख दुसरीकडे आहे. कोरियात वयाचा मान आपल्यासारखाच, किंबहुना जास्तच कडक. एक वर्षानं मोठा असला तरी नुसतं नाव घ्यायचं नाही, 'ह्योंग' लावायचं, म्हणजे आपलं दादा. जेवायला सीनियर एका टेबलावर, ज्युनियर दुसऱ्या. आता आपल्याकडे पण मॅचमध्ये 'अहो दादा, इकडे द्या ना' म्हणेपर्यंत बॉल समोरच्याच्या पायात गेलेला असतो, आणि सीनियर चुकीच्या जागी उभा असेल तर त्याला ओरडून सांगायची ज्युनियरची छाती होत नाही. हिडिंकनं सांगितलं, मैदानात नावानं हाक मारायची, बास. जेवणाची टेबलं मिसळली. कोरियात एक किस्सा सांगतात की हे फर्मान निघाल्यावर सगळे गप्प बसलेले, आणि एका ज्युनियर पोरानं थेट हाँग म्योंग-बोला, म्हणजे टीममधल्या सगळ्यात मानाच्या माणसाला, 'म्योंग-बो, चल जेवायला' म्हणून हाक मारली. तुम्हीच विचार करा, तेव्हा त्या खोलीत काय झालं असेल!

आणि हे सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. मे २००१ मध्ये फ्रान्सकडून ५-०, ऑगस्टमध्ये चेक रिपब्लिककडून परत ५-०. लोकांनी त्याचं नावच 'ओ-दे-योंग' पाडलं, ऐकायला अगदी कोरियन माणसाचं नाव वाटतं पण अर्थ पाच-शून्य. पेपरवाले तुटून पडले. तरी हा म्हणतो मला मोठ्याच टीमशी मॅच पाहिजेत, हरलो तर हरलो. वर्ल्ड कपच्या आधी मे २००२ मध्ये स्कॉटलंडला ४-१ हरवलं, इंग्लंडशी १-१, आणि फ्रान्सशी हरले पण ३-२. वर्षभरापूर्वी ज्यांच्याकडून पाच खाल्ले त्यांना दोन मारले, तेव्हा लोक गप्प झाले.

मग ४ जून ला बुसानमध्ये पोलंडला २-०, वर्ल्ड कपमधला पहिला विजय, ४८ वर्षांनी. अमेरिकेशी १-१, पोर्तुगालला पार्क जी-सुंगच्या गोलवर १-०, आणि तो गोल मारल्यावर पार्क सरळ पळत येऊन हिडिंकच्या अंगावर झेपावला, तो फोटो तुम्ही बघितला असेल.

पुण्याहून एक ताई : इटली आणि स्पेनची मॅच कोरियाला रेफ्रीनं जिंकून दिली असं माझा मुलगा म्हणतो. तुमचं प्रामाणिक मत?

ताई, तुमचा मुलगा पूर्णपणे चुकीचा नाही. इटलीशी एक्स्ट्रा टाइममध्ये टोटीला दुसरं यलो दाखवून बाहेर काढलं ते मला आजही पटत नाही, इटलीचा एक गोल ऑफसाइड दिला त्यावर वाद आहे, आणि स्पेनचा मोरिएन्तेसचा गोल बॉल बाहेर गेला म्हणून नाकारला, बॉल बाहेर गेला नव्हता. हे झाकून ठेवून कोरियाचं कौतुक करायचं नाही.

पण मुलाला इटलीच्या मॅचची शेवटची तीस मिनिटं परत बघायला सांगा. व्हिएरीच्या गोलनं इटली १-० पुढे, घड्याळ चाललंय, आणि हा माणूस एकेक करून मागचे खेळाडू काढतोय. बॅक किम ते-योंग बाहेर, फॉरवर्ड ह्वांग आत. बचाव सांभाळणारा किम नाम-इल बाहेर, ली चुन-सू आत. आणि ८३ व्या मिनिटाला कॅप्टन हाँग म्योंग-बो, डिफेन्सचा कणाच म्हणा, तो बाहेर आणि चा दू-री आत. एकच गोल अजून खाल्ला असता तर लोकांनी त्याला जिवंत सोडलं नसतं. ८८ व्या मिनिटाला सोल की-ह्योननं बरोबरी केली आणि ११७ व्या मिनिटाला आन जुंग-ह्वाननं डोक्यानं गोल्डन गोल मारला (तेव्हा एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की मॅच तिथंच संपायची), त्याच आननं पाचव्या मिनिटाला पेनल्टी घालवली होती. पेनल्टी घालवलेल्या पोराला हिडिंकनं शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही. हे रेफ्रीनं नाही केलं.

पुढे सेमीला जर्मनीशी बालाकच्या गोलवर हरले, तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये तुर्कीशीही हरले. तरी देशानं त्याला मानद नागरिक केलं आणि ग्वांगजूच्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं.

ठाण्याहून एक वाचक : एकाच वेळी क्लब आणि देश असे दोन जॉब त्यानं केले म्हणे. हे चालतं कसं?

चालवलं त्यानं. २००५ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलिया घेतली आणि पीएसव्ही पण सोडली नाही. ऑस्ट्रेलियाचे बहुतेक चांगले खेळाडू युरोपातच खेळायचे त्यामुळे त्यांना बघायला तिकडे राहणंच सोयीचं होतं. १६ नोव्हेंबरला सिडनीत उरुग्वेशी प्लेऑफ, आधी तिकडे १-० हरलेले, इथे १-० जिंकले, पेनल्टी ४-२, गोलकीपर श्वार्झरनं दोन अडवल्या आणि अलोइसीनं शेवटची मारली, ३२ वर्षांनी ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपला. आणि त्याच सीझनला पीएसव्हीनं लीग जिंकली. वर्ल्ड कपमध्ये जपानशी ८४ व्या मिनिटापर्यंत १-० मागे होते आणि ३-१ जिंकले. मग इटलीनं हिशेब चुकता केला, ९५ व्या मिनिटाला पेनल्टी आणि मारणारा टोटीच. ती पेनल्टी पण वादाचीच.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक : लहान टीमचा जादूगार, मग रियाल माद्रिदमध्ये आणि नंतर स्वतःच्या देशात का फसला?

रियालमध्ये डिसेंबर १९९८ ला टोकियोत वास्को द गामाला हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला आणि फेब्रुवारीत नोकरी गेली. मला वाटतं त्याला अशी टीम लागते जिला अजून काहीतरी मिळवायचंय. २००८ ला रशियाची पोरं तशी होती, युरोच्या क्वार्टर फायनलला बासेलमध्ये त्यांनी चक्क नेदरलँड्सला ३-१ नं काढलं, आर्शाविन त्या रात्री कुणाला सापडतच नव्हता. पण २०१४ ला हिडिंक परत नेदरलँड्सला आला तेव्हा चेक रिपब्लिक, आइसलँड यांच्याशी हरला आणि दहा-अकरा महिन्यांत बाहेर.

स्टार खेळाडू त्याला जमतच नव्हते असं मात्र म्हणू नका. १९९६ च्या युरोला एडगर डाव्हिड्स कोचबद्दल उघड बोलला तेव्हा हिडिंकनं त्याला स्पर्धेतून घरी पाठवलं, आणि ९८ च्या वर्ल्ड कपला मनात काही न ठेवता परत घेतला, त्याच डाव्हिड्सनं युगोस्लाव्हियाशी शेवटच्या क्षणी गोल मारून टीमला क्वार्टर फायनलला नेलं. चेल्सीत २००९ ला तीन-साडेतीन महिन्यांसाठी आला, फायनलला एव्हर्टननं पंचवीस सेकंदांत गोल मारूनही एफए कप जिंकून गेला.

आणि हो, एकानं विचारलंय म्हणून, २००७ ला नेदरलँड्समध्ये टॅक्सच्या केसमध्ये त्याला सहा महिन्यांची निलंबित शिक्षा झाली होती. तेही त्याच्याच खात्यावर आहे.

मडगावहून एक वाचक : आपल्याकडे पण डच कोच होता ना? मग आपलं कोरिया का नाही झालं?

होता, विम कूवरमन्स. १९८८ ला युरो जिंकणाऱ्या डच स्क्वॉडमधला. २०१२ ला आला आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीत नेहरू कपच्या फायनलला कॅमेरूनशी २-२ करून पेनल्टीवर ५-४ जिंकलो, कॅमेरूननं त्यांची मुख्य टीम पाठवली नव्हती पण आनंद खरा होता. नंतर मार्च २०१३ ला म्यानमारकडून हरून आशियाई चॅलेंज कप हुकला, सप्टेंबरमध्ये काठमांडूत सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेच्या, फायनलला अफगाणिस्ताननं २-० हरवलं. मला त्या माणसाला दोष द्यावासा वाटत नाही. बीप टेस्ट आपल्याला पण माहिती आहे हो, पण कोरियानं हिडिंकला खेळाडू महिनोन् महिने दिले आणि दोन वेळा ५-० खाऊनही खुर्ची हलवली नाही, ते आपण कुठल्या कोचला दिलंय?

साताऱ्याहून एक क्रीडाशिक्षक : हिडिंक आधी पी.टी.चा शिक्षक होता असं वाचलं. खरं असेल तर मुलांना सांगेन.

जरूर सांगा सर. क्लबकडून खेळत असतानाच तो शाळेत शिकवायचा, आणि तीही साध्या नाही, अवघड मुलांच्या शाळेत. वडीलही शिक्षक. मला त्याचं सगळं कोचिंग त्या शाळेतूनच आलेलं वाटतं. वॅलेन्सियाचा कोच असताना १९९२ मध्ये स्वतःच्याच स्टेडियममध्ये नाझी झेंडा लागलेला दिसला तर त्यानं सांगितलं, तो झेंडा उतरल्याशिवाय मॅच सुरू होणार नाही. उतरवला.

आणि मुलांना पार्क जी-सुंगचं सांगा. वर्ल्ड कपनंतर हिडिंक त्याला पीएसव्हीला घेऊन आला, पण पोरगं गुडघ्यानं बेजार, खेळ होईना, घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली, बॉल पायात आला की शिट्ट्या. बॉल आपल्याकडे येऊ नये असं वाटायचं, असं पार्कनंच नंतर सांगितलंय. हिडिंकनं त्याला विकला नाही, ओरडला पण नाही. काही दिवस घरच्या मैदानावर खेळवायचंच बंद केलं, फक्त बाहेरच्या मॅचला उतरवायचा, जिथे शिट्ट्या वाजल्या तरी त्या परक्यांच्या. हळूहळू पोरगं सावरलं. ४ मे २००५, चॅम्पियन्स लीग सेमी, समोर मिलान, आइंडहोवनचं तेच स्टेडियम, आणि नवव्या मिनिटाला पार्कनं गोल ठोकला. पीएसव्ही ती मॅच ३-१ जिंकूनही बाहेरच्या गोलवर आउट झाली, पण तोवर त्याच स्टँडमधले लोक पार्कच्या नावाचं गाणं म्हणायला लागले होते.