इंजिन खोलण्याआधी कार्डाचं बिल उघडा

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«दोन वर्षांपूर्वी जुनी पेट्रोल गाडी घेतली. आज ती ११ वर्षांची आहे, १,४०,००० किलोमीटर झालेत. गेल्या वर्षी इंजिन मिसिंग करायला लागलं. रोजचं जाणं-येणं अडत नव्हतं म्हणून चार-पाच महिने तशीच चालवली. मग प्लग आणि कॉइल बदलल्या, मिसिंग थांबलं. पण त्यानंतर पिकअप कमी कमी होत गेला. उभी असताना इंजिन छान चालतं, चढावर मात्र दम धरत नाही. ८०च्या पुढे पाय दाबला तरी वेग वाढत नाही आणि गाडी तापली की आणखी मंदावते. चेक इंजिनचा दिवा लागला होता, त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलला. नंतर फ्युएल पंप बदलला. फरक पडला नाही. आता गॅरेजवाले म्हणतात रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. वैयक्तिक कर्ज काढून इंजिनचं काम करू, की ही गाडी देऊन नवी घेऊ? विक्रेता जुनं कर्ज नव्या कर्जात मिळवून द्यायला तयार आहे.»

पत्रासोबत तुम्ही सगळे आकडे पाठवलेत, हे फार बरं केलंत. इथे ते मी तुमच्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या पटीत मांडतो, म्हणजे इतर वाचकांना आपापला पगार धरून हिशेब करता येईल.

गाडी ९ पगारांना घेतली. कर्ज ८ पगारांचं, त्यात ०.८ पगाराची वाढीव वॉरंटी धरलेली. आज फेडायचे आहेत ५.४. गाडी धडधाकट असती तर ६ आले असते, आहे तशी द्यायची तर ३.५. इंजिनच्या कामाचा अंदाज ३. आतापर्यंतच्या दुरुस्त्यांवर १.६ गेले, ते क्रेडिट कार्डावर. त्यातले १.५ अजून बाकी आहेत आणि तुम्ही दरमहा किमान रक्कम भरता. मुलीच्या कॉलेजसाठी २.५ पगारांची मुदत ठेव आहे, ७ टक्क्यांची. तिला «हात लावायचा नाही, असं ठरवलंय».

तुम्ही गाडीबद्दल विचारलंय. मला मात्र कार्डाची बाकी आणि ही ठेव यांची जास्त काळजी वाटते, म्हणून आधी ती दोन.

तुमच्या कार्डाचा दर महिन्याला ३ टक्के आहे. चक्रवाढीने तो वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातो. १.५ पगारांच्या बाकीवर महिन्याचं व्याज ०.०४५, म्हणजे पगारातले साडेचार टक्के नुसत्या व्याजात जातात. किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ०.०७५. त्यातून व्याज वजा केलं की मुद्दल कमी होतं फक्त ०.०३ने. पुढे बाकी घटेल तशी किमान रक्कमही घटत जाईल. या चालीने बाकी निम्म्यावर यायलाच जवळजवळ तीन वर्षं लागतील, तीही कार्डावर दुसरा एक पैसा खर्च केला नाही तर. शिवाय बाकी ठेवली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. किराणाही त्याच कार्डावर होत असेल, तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढत असणार.

आणि त्याच वेळी बँकेत २.५ पगार ७ टक्क्यांवर पडून आहेत. त्यातले दीड पगार तुम्हाला वर्षाला ०.१ मिळवून देतात. तेवढ्याच रकमेची कार्डावरची बाकी वर्षाला ०.५४ खाते. फरक ०.४३. दर वर्षी जवळजवळ अर्धा पगार तुम्ही बँकेला देताय, केवळ त्या ठेवीवर मुलीचं नाव आहे म्हणून. भावना मला समजते, पण नुकसान त्या मुलीचंच होतंय. ठेवीतून १.५ काढा आणि कार्ड एकरकमी शून्यावर आणा. मुदतीआधी मोडल्याबद्दल थोडं व्याज कापतील, कापू देत. मग आज कार्डाला जाणारे ०.०७५ दर महिन्याला मुलीच्या खात्यात परत भरा. २० महिन्यांत दीड पगार पुन्हा जागेवर. ती आता १३ वर्षांची आहे, तिच्या कॉलेजच्या कितीतरी आधी ठेव पूर्ववत होईल. हे याच आठवड्यात करा, गाडीचं काहीही ठरो.

«किमान रक्कम वेळेवर भरतो, त्यामुळे क्रेडिट स्कोअर चांगला आहे,» असं तुम्ही लिहिलंय. चांगल्या स्कोअरचा उपयोग स्वस्त कर्ज मिळण्यासाठी. तुम्ही बाजारातलं जवळजवळ सगळ्यात महाग कर्ज वापरताय.

आता गाडी. मी मेकॅनिक नाही आणि गाडी न बघता निदान करणार नाही. पण इंजिन गेल्याचा एकही पुरावा मला तुमच्या पत्रात दिसत नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की तेल जळतं, निळसर धूर येतो, पातळी वरचेवर खाली जाते. तुम्ही लिहिता धूर नाही, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेल घालावं लागत नाही, सकाळी गाडी एका चावीत सुरू होते. मग रिंगा गेल्या हे कशावरून ठरलं? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं का? पत्रात मोजमापाचा एकही आकडा नाही.

तुमच्या पत्रातला क्रम मात्र बोलका आहे. इंजिन चार-पाच महिने मिसिंग करत होतं. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही. ते तसंच एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) जातं आणि तिथे पेटतं. आतली जाळी प्रमाणाबाहेर तापते, वितळते, आणि धुराची, म्हणजे जळालेल्या वायूंची, वाट अडते. इंजिनला धूर बाहेर टाकता आला नाही, तर नवी हवा आत घेता येत नाही. उभ्या गाडीत धूर थोडा असतो, म्हणून तिथे काही कळत नाही. चढावर आणि वेगात तो वाढतो आणि गाडी अडते. दिवा लागला तेव्हाचा कोड तुम्ही जपून ठेवलात, पी ०४२०. त्याचा अर्थ कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा संशय. तो लीक झालेल्या एक्झॉस्टमुळे किंवा खराब सेन्सरमुळेही येऊ शकतो. कोड तपास कुठे करायचा ते सांगतो, कुठला भाग विकत घ्यायचा ते सांगत नाही. तुमच्याकडे कोड वाचला आणि थेट सेन्सर बदलला.

प्लग-कॉइलचे ०.३ योग्य होते, मिसिंग थांबलं. पुढचे सेन्सरचे ०.३, पंपाचे ०.६ आणि मजुरी-सफाईचे ०.४ अंदाजावर गेले. पंप बदलण्याआधी फ्युएल प्रेशर गेजने मोजता येतं, त्याला अर्धा तास पुरतो.

दुसऱ्या गॅरेजने संपूर्ण तपासणीचे ०.०५ सांगितले, ते तुम्हाला «नुसतं बघायचे इतके?» असे जास्त वाटले. १.३ पगार अंदाजावर घालवलेल्या माणसाला मी कळकळीने सांगतो, ते पैसे द्या. मात्र काय मोजायचं ते आधी ठरवून घ्या आणि आकडे कागदावर मागा. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी गेज लावायचा आणि एक्झॉस्टमधला दाब बघायचा. उभ्या गाडीत तो जवळजवळ शून्य हवा. इंजिनच्या मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर ०.२ बारच्या (बार हे दाबाचं माप) वर जात असेल तर वाट अडलेली आहे. नंतर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन. पेट्रोल इंजिनात ते साधारण १० ते १३ बार असतं, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळेल. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाखाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. हे झाल्याशिवाय इंजिनला पाना लावू देऊ नका. एअर फिल्टर, क्लच स्लिप होतोय का (फेऱ्या वाढतात, वेग वाढत नाही) आणि ब्रेक धरून राहतोय का (थोडं चालवल्यावर एकच चाक जास्त तापतं), हे त्याच फेरीत बघून होतं.

पैशांची सीमारेषा अशी. दुरुस्त गाडीचे ६, नादुरुस्तचे ३.५. म्हणून पुराव्याने ठरलेली कुठलीही दुरुस्ती २.५च्या आत बसली, तर गाडी दुसऱ्या दिवशी विकायची असली तरी परवडते. इंजिनच्या कामाचे ३, आणि ते १५ टक्क्यांच्या तीन वर्षांच्या कर्जावर घेतले तर हातातून जाणार ३.७५. दर महिन्याचा हप्ता पगाराच्या १० टक्के, आणि तो गाडीच्या आत्ताच्या १८ टक्क्यांच्या हप्त्याशिवाय. «नवं इंजिन म्हटल्यावर किंमत चांगली येईल» ही आशा सोडा. ११ वर्षांच्या गाडीला गिऱ्हाईक वर्ष आणि किलोमीटर बघून किंमत देतं. कॉम्प्रेशन खरोखरच गेलं असेल, तर गाडी पुढची चार-पाच वर्षं वापरणार असाल तेव्हाच हे काम विचारात घ्या, आणि तेही दोन गॅरेजचे अंदाज घेऊन.

दोष कन्व्हर्टरमध्ये निघाला तर नवा बसवा. आतून फोडून पोकळ करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. गाडी प्रदूषण चाचणीत अडकेल आणि अनेक देशांत ते बेकायदा आहे. त्याचा खर्च ठेवीत उरलेल्या १ पगारातून आणि बचत खात्यातल्या अर्ध्या पगारातून भागत असेल, तर कर्ज काढू नका.

वॉरंटीबद्दल मला राग आहे आणि तो लपवत नाही. ०.८ पगार कर्जात टाकले, म्हणजे व्याजासह १ पगाराच्या वर. दावा केला तेव्हा «झीज आणि काजळी कराराबाहेर» असं उत्तर मिळालं. एवढ्या जुन्या गाडीत बिघडतं ते बहुतेक झिजल्यामुळेच. ते वगळून उरलेलं तुम्हाला संरक्षण म्हणून विकलं आणि वगळलेल्या गोष्टींची यादी सही करताना वाचून दाखवली नाही. करारात उरलेल्या काळाचे पैसे परत मिळण्याचं कलम आहे का ते बघा, असेल तर लेखी अर्ज करा.

राहिली नवी गाडी. २० पगारांची, त्यात जुनी गाडी ३.५ला देऊनही ५.४च्या कर्जातला न फिटलेला भाग १.९ मिळवला की कर्ज २२च्या घरात. सात वर्षं, १० टक्के: हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आणि एकूण फेड ३१ पगारांच्या आसपास. विक्रेता «जुनं कर्ज मिटवतो» म्हणतो तेव्हा तो ते मिटवत नाही. तुमच्याकडे नसलेल्या गाडीचे हप्ते तो आणखी सात वर्षं लांबवतो. त्याला आजच नाही म्हणून कळवा. कार्ड शून्यावर आलं, मुलीची ठेव भरून झाली आणि तीन महिन्यांचा पगार बाजूला पडला, की नव्या गाडीचे आकडे घेऊन पुन्हा लिहा. तपासणीचा कागद मात्र त्याआधीच पाठवा.