मुलीच्या पाठीच्या ऑपरेशनसाठी दोन बाटल्या रक्त सांगितलंय, मी माझंच देऊ का?

मुलगी 14 वर्षांची, वजन 40 किलो, स्कोलिओसिसचं, म्हणजे बाजूला वाकलेल्या मणक्याचं ऑपरेशन मे महिन्यात, आणि वडील म्हणून तुम्ही विचारताय की तुमचंच रक्त चढवलं तर? मी मुंबईत भूलतज्ज्ञ आहे. अशा ऑपरेशनांत मुलांच्या उशाशी मीच असते.

तुमचं रक्त थेट तिला नको, गट जुळला तरी नको. जवळच्या नातलगाच्या पांढऱ्या पेशी शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या आत टिकतात आणि क्वचित तिच्यावरच उलटतात. तसं झालं तर जीवावर बेततं. म्हणून असं रक्त आधी किरणांखालून काढावं लागतं. तुम्ही रक्तपेढीत दान करा, तिला दुसऱ्या कुणाचं तपासलेलं मिळू द्या.

किलोमागे साधारण 70 मिली धरलं तर तिच्या अंगात जेमतेम 2.8 लिटर रक्त आहे. तुम्हाआम्हाला अर्धा लिटर गेलेलं सोसतं, तिला ते जड जातं. शिवाय मणक्याचं हाड आतून स्पंजासारखं असतं. स्क्रू बसवताना ते झिरपत राहतं, शिरेसारखं बांधून टाकता येत नाही.

म्हणून मी सगळ्यात जास्त जपते ते पोट. मुलांना पालथं झोपवतात, छातीखाली आणि कमरेखाली आधार देऊन पोट मधे मोकळं सोडतात. ते दाबलं गेलं तर रक्त मणक्याभोवतीच्या शिरांत तुंबतं आणि जखम वाहत राहते. चिरा देण्याआधी मी चादरीखाली हात घालून पोट चाचपते, नंतरही अधूनमधून. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड तेव्हाच सुरू केलेलं असतं. पाळीत फार जात असेल तर ज्याच्या गोळ्या देतात तेच हे औषध, जमलेली गुठळी विरघळू देत नाही. सुरुवातीला बीपी थोडं खाली ठेवते, पण बाक सरळ करताना वर आणते, कारण मज्जारज्जूला रक्त कमी पडून चालत नाही. सेल सेव्हर नावाचं यंत्र असेल तर शोषलेलं रक्त धुऊन तिचं तिलाच परत देता येतं. भिजलेले गॉज सिस्टर वजन करून फळ्यावर लिहितात: 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. अंदाजावर कुणी राहत नाही.

एवढं सगळं जमलं की पुष्कळ मुलांना बाहेरचं रक्त लागतही नाही. बाटल्या मात्र तयार हव्यातच.

तुमच्या हातातलं काम आजपासूनचं आहे. हिमोग्लोबिन तपासा; कमी असेल तर डॉक्टरांना विचारून लोह आत्ताच सुरू करा, आदल्या आठवड्यात उपयोग नाही. पाळीत फार जातं का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, घरात कुणाला असा त्रास आहे का, हे न विचारताही सांगा. ॲस्पिरिन, ब्रुफेन, आयुर्वेदिक काढे, काहीही चालू असेल तर तेही.

आणि मे महिन्यात मुंबईत कॉलेजं बंद, माणसं गावी, रक्तदान शिबिरं थंडावलेली, रक्तपेढ्यांत खडखडाट असतो. दोन बाटल्यांचं रक्तपेढीशी आत्ताच बोलून ठेवा.