गाडी घ्या, पण ते आठ लाख येणार नाहीत

प्रश्न: मी ३६ वर्षांचा, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी, हातात ५२ हजार येतात. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे १४ हजार. एक मुलगी, चार वर्षांची. कळंब्यात फ्लॅट, गृहकर्ज १४ लाख बाकी, हप्ता १९ हजार. जुनी सँट्रो गेल्या महिन्यात भंगारात दिली. मार्च २०२७ मध्ये माझी ५ वर्षांची एफडी पूर्ण होते, तिचे ८ लाख येतील. करात सूट मिळते म्हणून घेतली होती. त्यात थोडं कर्ज घालून साडेअकरा लाखांची नवी एसयूव्ही घ्यायचं ठरलंय. तोवर वर्ष-सव्वा वर्ष काढायला एक स्वस्त आणि दगा न देणारी जुनी गाडी हवी. दोन बघितल्यात. एक २०११ ची पेट्रोल वॅगनआर, एमएच-०९, मालक शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला, १ लाख ३५ हजार म्हणतो. दुसरी २०१४ ची डिझेल स्विफ्ट, केए-२३ पासिंग, निपाणीला, २ लाख ४० हजार. मेव्हण्याच्या ओळखीची आहे, ५ हजार टोकन दिलंय. बँक अडीच लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी द्यायला तयार आहे. एफडी आली की एकदम फेडून टाकीन. बचत खात्यात २ लाख १० हजार आहेत, त्यातले १ लाख मार्चच्या हप्त्याचे. मे महिन्यात भिशीचे १ लाख उचलायचेत. कुठली गाडी घेऊ? महिन्याला ६००-६५० किलोमीटर चालेल. एफडीच्या कागदांचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर: एफडीला दरवर्षी मार्चमध्ये हप्ता कसा काय असतो, हा प्रश्न चार वर्षांत घरात कोणालाच पडला नाही?

तुम्ही पाठवलेला कागद एफडीचा नाही. तो आयुर्विम्याच्या पॉलिसीचा आहे. पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलंय: सुरुवात १४ मार्च २०२२, वार्षिक हप्ता १ लाख, विमा रक्कम १० लाख, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं, मुदतीअखेर हमी असलेली रक्कम १७ लाख ५० हजार. म्हणजे हप्ते मार्च २०३१ पर्यंत भरायचे आणि पैसे मार्च २०३७ मध्ये घ्यायचे. मार्च २०२७ मध्ये तुम्हाला एक रुपयाही येणार नाही. उलट कंपनीकडून सहाव्या हप्त्याचा मेसेज येईल.

तुम्ही जोडलेला दुसरा फोटो, ज्यांनी ही पॉलिसी विकली त्या बँकेतल्या साहेबांच्या व्हिजिटिंग कार्डाचा. मागच्या बाजूला निळ्या बॉलपेनने लिहिलंय, ‘५ x १ लाख = ८ लाख’, आणि खाली दोन रेघा मारल्यात. जरा हिशेब करा. पाच हप्ते पाच वर्षांत पसरलेले, म्हणजे प्रत्येक लाख सरासरी तीनच वर्षं आत राहतो. तीन वर्षांत १ लाखाचे १ लाख ६० हजार, म्हणजे वर्षाला जवळपास १७ टक्के. खात्रीचे. बँकेच्या काउंटरवर. ज्या बँकेची स्वतःची एफडी तेव्हा पाच-साडेपाच टक्के देत होती, ती बँक! असं कोणी सांगितलं तर कागद खाली ठेवून उठायचं असतं, सही करायची नसते. आणि पॉलिसी निघाल्यावर कंपनीचा पडताळणीचा फोन आला असेल, त्यात ‘हो, हो’ म्हणा असं साहेबांनी सांगितलं असेल आणि तुम्ही म्हणालाही असाल. नव्वद टक्के पत्रांत हीच गोष्ट असते.

आता पॉलिसीचा खरा परतावा. १० लाख भरून पंधराव्या वर्षी १७.५ लाख, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर. तेवढेच हप्ते त्याच मुदतीच्या पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी भरले असते तर जवळपास एकवीस लाख झाले असते. करात सूट मिळते म्हणून घेतली, असंही तुम्ही एका ओळीत लिहिलंय. तुमच्या पगाराला आता नव्या पद्धतीत आयकरच लागत नाही, तेव्हा तो मुद्दा सोडून द्या.

यावर बहुतेक जण रागाने म्हणतात, मोडून टाकतो. मोडू नका, निदान आकडे हातात आल्याशिवाय तरी नको. मला ही पॉलिसी अजिबात आवडत नाही, पण गेलेले पैसे गेले. यापुढचं गणित वेगळं आहे. आज, चार हप्ते भरून झाल्यावर, मोडली तर ४ लाखांचे साधारण निम्मे, २ लाख, फार तर अडीच हातात येतील. न मोडता राहिलेले सहा हप्ते भरले तर आज सोडून दिलेले ते २-अडीच लाख आणि पुढचे ६ लाख मिळून २०३७ मध्ये १७.५ लाख होतात. हा परतावा आठ-नऊ टक्के पडतो, आणि तुमच्या पॉलिसीत हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांवर जात नसल्याने तो करमुक्त. सगळा तोटा पहिल्या चार वर्षांत तुमच्या माथी मारून झालाय. उरलेली पॉलिसी त्या मानाने बरी आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

तिसरा रस्ता पेड-अपचा. हप्ते थांबवायचे, पॉलिसी मोडायची नाही. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी केलेली रक्कम मुदतीअखेर मिळते आणि विमाही त्याच प्रमाणात घटतो. दहापैकी चार भरले, तर सरळ प्रमाणात १७.५ चे ७ लाख. पण सगळ्या कंपन्या सरळ प्रमाण धरत नाहीत, म्हणून आकडा लेखी मागवायचा. तो ७ लाखांच्या आसपास आला तर हप्ते थांबवा: पुढच्या ६ लाखांवर मग पावणेसात टक्केच सुटतात, ते पीपीएफमध्येही सुटतात आणि तिथे मार्च आला की धाप लागत नाही. ६ लाखांच्या खाली आला तर दातओठ खाऊन भरत राहा.

तुमच्या घरची स्थिती पाहता पेड-अपचा आकडा चांगला यावा अशी माझी इच्छा आहे. कारण पत्रात न विचारलेली दुसरी गोष्ट: १४ लाखांचं कर्ज, चार वर्षांची मुलगी, आणि घरातला एकमेव मोठा पगार तुमचा, त्यावर विमा किती, तर १० लाख. तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यात गृहकर्जही फिटत नाही. १ कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला १५ हजारांच्या आसपास बसतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. वर्षाला १ लाख भरून १० लाखांचं संरक्षण घेणारा माणूस १५ हजारांत १ कोटीचं घेऊ शकत होता. हा प्लॅन गाडीच्या आधी घ्या, आणि तो मिळाल्याशिवाय जुन्या पॉलिसीला हात लावू नका.

आणि ते पर्सनल लोन. अडीच लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता साडेआठ हजार. पॉलिसीचा महिन्याचा भार सव्वाआठ हजार. गृहकर्ज १९. दोघांच्या ६६ हजारांतले ३६ हजार घरात किराणा यायच्या आधीच गेले. हे कर्ज तुम्ही मार्च २०२७ च्या भरवशावर घेणार होतात. ते घ्यायचं नाही, विषय संपला.

आता गाडी. आठ लाख येणार नसतील तर ही ‘सव्वा वर्षाची सोय’ राहत नाही. नवी गाडी २०३० च्या आधी जमणार नाही आणि तीही साडेअकराची नव्हे. हप्ते थांबवता आले तर टर्म प्लॅनचे पैसे काढून महिन्याला ७ हजार उरतात. चार वर्षं आरडीत टाकले की पावणेचार लाखांच्या पुढे जातात. त्यात जुनी गाडी विकून ४०-५० हजार आले, की छोटी नवी गाडी कमी कर्जात येते. तेव्हा आज घ्याल ती गाडी चार वर्षं चालली पाहिजे. याच मापाने दोन्ही बघू.

स्विफ्ट नको. केए पासिंगची गाडी निपाणीत स्वस्त दिसते ती उगाच नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथे महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त दराने, आणि कर्नाटकात भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी चिकोडीला खेटे घालायचे. कोल्हापुरात तशीच वर्षानुवर्षं केए नंबरवर फिरणाऱ्या गाड्या दिसतात. नियम बारा महिन्यांचा आहे आणि पकडलं की दंडासकट सगळं भरावं लागतं. शिवाय महिन्याला ६०० किलोमीटरला डिझेल कशाला? इंधनात वाचेल ते एका इंजेक्टरच्या कामात जाईल.

वॅगनआर चालेल, पण १.३५ ला नाही. २०११ ची गाडी, आरसीवर वैधता जुलै २०२६ पर्यंतच आहे. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून फेरनोंदणी करावी लागते. पुढची पाच वर्षं मिळतात, पण त्याची फी ५ हजार, वर पर्यावरण कर, आणि पास होण्याआधी निघेल ते काम. हे मालकाला माहीत आहे, म्हणूनच गाडी आत्ता विकायला काढली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्यांचेही भाव पूर्वीसारखे ताठ राहिलेले नाहीत. १ लाखापासून बोला, १.१५ च्या वर जाऊ नका. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि कागदपत्रं धरून ३० हजार वेगळे ठेवा.

मात्र त्याआधी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत कुंभार गल्लीत पाणी होतं. तेव्हा गाडी कुठे लावली होती, हे मालकाला विचारा आणि उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतः बघा. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात न येणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ बघा, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा. सीटकव्हर कोरं करकरीत आणि खाली बोल्ट गंजलेले असतील तर नमस्कार करून परत या. अशा वॅगनआर कोल्हापुरात कमी नाहीत. पुरातून निघालेली गाडी वर्षभर नीट चालते, मग वायरिंग एकेक करून दगा देत जातं आणि मिस्त्रीलाही सापडत नाही.

पाण्यातून निघालेली नसेल तर उद्यमनगरातल्या तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीला हजार-पाचशे देऊन सोबत न्या. मेव्हणा नको. चौघांना बसवून, एसी लावून जोतिबाचा घाट चढवा. तापमानाचा काटा जागेवर राहिला, क्लच घसरला नाही आणि मागून निळा धूर आला नाही, तर इंजिन ठीक. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, हे परिवहनच्या ॲपवर तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, पण नाव बदलून येईपर्यंत १०-१५ हजार स्वतःकडे ठेवा. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो गाडीचा नसून त्याचा असतो. पुढच्या वर्षी थर्ड पार्टी पुरेल. हजार सीसीच्या आतल्या गाडीला जीएसटी धरून अडीच हजार. कळंब्याला पूर येत नाही, तेव्हा सव्वा लाखाच्या गाडीला फुल इन्शुरन्स काढायची गरज मला वाटत नाही.

पैसे असे बसतात. हप्ते थांबवायचे ठरलं तर मार्चचा लाख मोकळा होतो. २.१० लाखांतून गाडीचे १.४५ गेले, ६५ हजार उरले, मे मध्ये भिशीचा लाख आला की १ लाख ६५ हजार. त्याला हात लावायचा नाही, ती घरची अडचणीची शिल्लक. पॉलिसी चालू ठेवायची ठरली तर मात्र गाडी भिशी उचलल्यावर घ्या. तीन महिने रिक्षा आणि केएमटीची बस काही जीवघेणी नाही.

हे सगळं १४ मार्चच्या आत करायचंय. या आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत जा, बँकेत नको. अर्ज द्या: आज मोडली तर किती आणि पेड-अप केली तर मार्च २०३७ मध्ये किती, दोन्ही आकडे लेखी द्यावेत. पोच घ्या. उत्तर यायला उशीर झाला तरी वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, घाईने भरू नका. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगळं पत्र द्या, व्हिजिटिंग कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्ससह. पॉलिसी परत करायची मुदत चार वर्षांपूर्वीच गेली आणि सही तुमची आहे, त्यामुळे फार आशा ठेवू नका. पण विकणाऱ्याच्या हातचा आकडा लिहिलेलं कार्ड शेकड्यात एखाद्याकडेच असतं. कंपनीने नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर पुण्याला विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. मूळ कार्ड कोणालाही देऊ नका, लोकपालाकडेही झेरॉक्सच.

आणि निपाणीला दिलेले ५ हजार परत मागा. मेव्हण्याला पुढे करून बघा. नाही मिळाले तर सोडा. पण टोकन वाया जाईल म्हणून स्विफ्ट घेऊ नका.