झाडं खरंच झोपतात का?

लाडक्या चिऊ,

परवा रात्री पांघरुणात शिरल्यावर तू विचारलंस, "बाबा, आजी फोनवर म्हणाली तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपलेली असतात. ती खरंच झोपतात का?" आणि मी उद्या सांगतो म्हणून लाइट घालवला. आता तुला जोडाक्षरं वाचता यायला लागलीयेत, म्हणून म्हटलं लिहूनच देतो. अडलं तर विचार.

आधी तुझीच गोष्ट सांगतो. किचनच्या खिडकीतल्या कुंडीत ते बारकं तण उगवलंय ना, मी उपटायला गेलो आणि तू माझा हात धरलास, त्याला मराठीत अंबुशी म्हणतात. एका देठावर तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं. रात्री ब्रश करून आल्यावर तूच ओरडलीस की बाबा हे मेलं! मेलं नव्हतं गं. तिन्ही पानं मधोमध घडी पडून देठाला टेकली होती, भिजलेली छत्री मिटून ठेवावी तशी, आणि सकाळी तू शाळेची बॅग भरेपर्यंत परत सपाट. तू आजीला सांगताना म्हणालीस "पान बंद झालं", तर आजी म्हणाली "मिटलं म्हण". ते का, सांगतो. आपल्याकडे दार बंद होतं, दुकान बंद होतं, पण डोळे मिटतात, फूल मिटतं, छत्रीसुद्धा मिटतात आणि तुझं नि दादाचं भांडण, तेही मिटतंच. डोळ्याला आणि फुलाला एकच शब्द आहे, त्यामुळे फूल मिटलं म्हटलं की ते झोपलं असं आपोआप वाटतं. मला हा शब्द फार आवडतो.

आता पान मिटतं कसं ते बघ. प्रत्येक पानाच्या बुडाशी एक इवलासा सांधा असतो, त्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरलं की त्या फुगतात, दुसऱ्या बाजूच्या सैल पडतात आणि पान वळतं, दिवसा असं आणि रात्री तसं. आणि गंमत म्हणजे हे फक्त अंधार पडला म्हणून होत नाही. 1729 साली फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड काळोखात ठेवलं, तर ऊन दिसत नसतानाही ते दिवसा पानं उघडायचं आणि रात्री मिटायचं. म्हणजे झाडाच्या आतच घड्याळ आहे. गेल्या महिन्यात आपण, इथे परदेशात उन्हाळा जवळ आला की सगळेच करतात तशी, भिंतीवरची घड्याळं तासभर पुढे केली ना, अंबुशीला त्याचा पत्ताच नाही, म्हणून तर आता ती आपल्या घड्याळाप्रमाणे तासभर उशिरा मिटते आणि तुला वाटतं हिला जागायची बरी परवानगी आहे.

टेबलावरच्या ट्यूलिपचं वेगळं आहे. त्याच्याकडे पानाच्या बुडाशी असतो तसला सांधा नाही, ते मुख्यतः ऊबेवर चालतं. गरम झालं की पाकळीची आतली बाजू भराभर वाढते आणि फूल उमलतं, गार झालं की बाहेरची बाजू वाढते आणि मिटतं. रविवारी रात्री आपण खिडकीपाशी मिटलेला ट्यूलिप उचलून हीटरजवळ ठेवला आणि तासाभरात तो पुन्हा तोंड उघडून बसला, आठवतंय? बिचाऱ्याला वाटलं उजाडलं. रोजच्या या उघडझापीत पाकळ्या हळूहळू लांब होत जातात, पहिल्या दिवशीची मुकी कळी आणि आजचं फूल शेजारी ठेवता आलं असतं तर तुला पटलं असतं.

मग झोपतात का? तुला डोकं आहे, स्वप्नं पडतात, झाडाला ते काही नाही, त्यामुळे तुझ्यासारखी झोप नाही. आणि सगळीच झाडं रात्री मिटत नाहीत, रातराणी तर अंधार पडला की उमलते. पण विश्रांतीसारखं काहीतरी आहे खरं. चार्ल्स डार्विनने बऱ्याच झाडांची पानं टाचण्यांनी बुचावर पसरून अडकवली, मिटू दिली नाहीत, आणि गारठ्याच्या रात्री उघड्यावर ठेवली. मिटलेल्या पानांपेक्षा या पानांना थंडी जास्त बाधली, हे त्याने 1880 सालच्या पुस्तकात लिहिलंय. तू पाय पोटाशी घेऊन झोपतेस ना, तसंच.

आजीला हे डार्विनचं कुणी सांगितलेलं नाही. तिला तिच्या आजीने सांगितलं, आणि त्यात कारणं पण होती, फांदीवर पाखरं बसलेली असतात, अंधारात पानाआड विंचू-साप दिसत नाही, शिवाय दिवसभर सगळ्यांनी तोडलंय तर आता त्याला असू दे. मला लहानपणी फक्त "नको" एवढंच ऐकू यायचं, कारण मी कधी विचारलंच नाही. तू विचारलंस म्हणून मी चार दिवस रात्री कुंडीपाशी जाऊन उभा राहतोय.

हिरवळीत उगवणाऱ्या क्लोव्हर नावाच्या तीन पानांच्या रोपाचं अजून आपण बघितलेलं नाही. त्याची बाजूची दोन पानं एकमेकांना चिकटतात आणि तिसरं वरून छपरासारखं वाकतं. आज जेवण झालं की स्वेटर घाल, टॉर्च घेऊन जाऊया, लांबूनच बघू, हात लावायचा नाही. आणि रविवारी आजीला तूच सांग, मिटलं म्हणून.

तुझा,
बाबा