वडिलांचं डोकं दोन महिन्यांत गेलं, डॉक्टर सीजेडी म्हणतायत, ते नक्की कशावरून ठरवतात?

तुम्ही लिहिलंय की वडील ६३ वर्षांचे, दिवाळीपर्यंत एकटे एसटीनं परभणीला जाऊन यायचे आणि आता त्यांना घरातली मोरी सापडत नाही. सीजेडी म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-जेकब डिसीज, मेंदूतलं एक प्रोटीन बिघडून पेशी झपाट्यानं मरतात तो दुर्मिळ आजार. मी डॉक्टर नाही, पण माझ्या मामाला हेच झालतं, उदगीरला आडतीवर मुनीम होते, त्यांच्यामागं फिरून जे कळलं तेवढं सांगतो.

मामाचं सुरू झालं डोळ्यापासून. वहीतले आकडे वाकडे दिसतात म्हणायचे. चष्मा बदलला, मग मोतीबिंदू आहे म्हणून ऑपरेशनची तारीखच घेतली, आणि खरा बिघाड होता मेंदूच्या मागच्या भागात, जिथं दिसण्याचं काम चालतं. पंधरा दिवसांत हिशोब गेला, चालताना झोक जायला लागला, दार आपटलं की सगळं अंग दचकायचं. एकानं डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, गल्लीतले म्हणाले बाहेरचं आहे, मामीनं तेही करून बघितलं, मी तिला नावं ठेवत नाही.

अल्झायमरला वर्षं लागतात, हे आठवड्यांत पुढं सरकतं, पहिला संशय येतो तो या वेगावरून. सोबत झटके, तोल जाणं, शेवटी बोलणंच बंद.

एमआरआयचा पहिला रिपोर्ट आला 'वयोमानानुसार बदल'. तीच सीडी हैदराबादला न्यूरोलॉजिस्टनं लावली, त्यातले डिफ्यूजन नावाच्या खास पद्धतीचे फोटो उघडले आणि मेंदूच्या कडेनं पांढरी किनार दाखवली, लुगड्याच्या काठासारखी. म्हणून नुसता रिपोर्ट घेऊन फिरू नका, सीडी मागून घ्या. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, साधारण सेकंदाला एक अशा टोकदार लाटा दिसतात, पण सुरुवातीला नसतात कधीकधी, परत काढावा लागतो. पाठीच्या मणक्यातनं सुईनं काढलेल्या पाण्याची १४-३-३ नावाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी लगेच हाय खाऊ नका, मेंदूच्या पेशी दुसऱ्या कशानं झपाट्यानं मेल्या तरी ती येते. त्याच पाण्याची आरटी-क्विक टेस्ट मात्र वेगळी, त्यात पाण्यातलं बिघडलेलं प्रोटीन चांगल्या प्रोटीनला बिघडवतं का तेच बघतात, दुधाला विरजण लावल्यासारखं. ती पॉझिटिव्ह आली तर जवळपास पक्कं, निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं मात्र नाही. शंभर टक्के खात्री मेंदूचा तुकडा तपासूनच होते आणि तेवढ्यासाठी सहसा कोणी डोकं उघडत नाही.

सीजेडीला आज औषध नाही, बहुतेक पेशंट वर्षाच्या आत जातात, हे तुम्हाला कोणीतरी सरळ सांगायला पाहिजे. पण तरी घाई करायची, कारण असंच दिसणारे काही आजार बरे होतात. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तो), बी१२ची कमतरता, थायरॉइड, टीबी, आणि बाहेरून न दिसणारी फिटसुद्धा. आमच्या डॉक्टरांनी आधी पाण्याचं सँपल घेतलं आणि मग पाच दिवस स्टेरॉइड दिलं, म्हणाले याच्यानं फरक पडला तर मी चुकलो, आणि मला चुकायला आवडेल. फरक नाही पडला.

अन् ताट-वाटी वेगळी करू नका, आमच्याकडं केली होती, त्याची लाज वाटते अजून. जवळ बसल्यानं, भरवल्यानं हे लागत नाही. १०० पैकी ८५ जणांत आनुवंशिकही नसतं, आपोआप होतं. फक्त कुठलंही ऑपरेशन निघालं तर सर्जनला आधी सांगायचं, कारण हत्यारं नेहमीसारखी वाफेवर निर्जंतुक केली तरी हे प्रोटीन मरत नाही. मामाचं मोतीबिंदू राहिलं ते बरंच झालं. त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता, तो आम्हालाच नाही म्हणावा लागला.

दर दोन-तीन दिवसाला वडिलांचा चालतानाचा, बोलतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, तारीख दिसेल असा, तोंडी सांगण्यापेक्षा डॉक्टरला त्यातनं लवकर कळतं. आणि बी१२, थायरॉइड झालंय का ते आजच फाइलमध्ये बघा, आमच्या फाइलमध्ये दीड महिना नव्हतं.